जर्मलची होडी

आमच्या मामूंच्या घरामागे कडुनिंबाच्या झाडाखाली एक होडी कितीतरी वर्षे पालथी पडून होती. पावसाळ्यात तिच्याखाली मांजरी व्यायच्या आणि उन्हाळ्यात तिच्या पाठीवर घरातल्या बायका पापड वाळत घालायच्या. कल्याणच्या जुन्या मोहल्ल्यात आता इमारती झाल्या, तरी मामूंचे ते कौलारू घर आणि मागची मोकळी जागा टिकून राहिली. मामू गेले २०२१ मध्ये. पुढे घराची वाटणी निघाली तेव्हा भाच्यांनी होडीचे वजन करायला भंगारवाल्याला बोलावले. त्याने तिला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "जर्मल आहे, भाव चांगला येईल." मी तिथेच उभा होतो. का कोण जाणे, मी म्हणालो, "ती मला द्या, भंगाराचे पैसे मी देतो."

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. माझ्या हातांना पेनापेक्षा जड वस्तूची सवय नाही. घरच्यांना वाटले, याचे डोके फिरले. पण त्या होडीशी आमच्या घराच्या दोन गोष्टी बांधलेल्या होत्या आणि त्या दोन्ही मामूंनी शंभरदा सांगितलेल्या. पहिली, आमच्या पूर्वजांनी शिवाजी महाराजांची जहाजे बांधली. दुसरी, २६ जुलै २००५ च्या महापुरात मामूंनी याच होडीची मोटर सुरू करून बुडत्या वस्तीतली माणसे बाहेर काढली. पहिली गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वीची, दुसरी काल-परवाची. होडी दुरुस्त करता करता या दोन्ही गोष्टी मला तपासून पाहाव्या लागल्या. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

आधी त्या धातूविषयी सांगतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आपल्याकडे अजूनही जुनी माणसे ‘जर्मल’ किंवा ‘जर्मन’ म्हणतात. जर्मलचे पातेले, जर्मलचा टोप. गरिबाच्या घरातला हा धातू एके काळी श्रीमंतांनाही परवडत नव्हता, हे सांगितले तर खरे वाटणार नाही. जमिनीत तो लोखंडापेक्षाही मुबलक आहे, पण मातीत असा मिसळलेला की वेगळा काढणे महाकठीण. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओरस्टेड यांनी तो प्रथम वेगळा केला. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध स्मारकस्तंभाच्या अगदी टोकावर मौल्यवान धातू म्हणून तीनेक किलोचे टोपण बसवले, ते ॲल्युमिनियमचे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता विजेच्या साहाय्याने हा धातू काढण्याची एकच रीत शोधली. योगायोग असा की दोघेही १८६३ मध्ये जन्मले आणि दोघेही १९१४ मध्ये वारले. त्यांच्या रीतीमुळे भाव धडाधड कोसळले. आपल्याकडे १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचे काम सुरू केले आणि तांब्या-पितळेला कल्हई लावून दमलेल्या घरांत हा हलका धातू शिरला.

हलका म्हणजे किती? एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमचे २.७ किलो, लोखंडाचे साडेसात किलोंच्या वर आणि तांब्याचे जवळजवळ ९ किलो. होडीला दुसरे काय हवे? दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी या धातूचे प्रचंड कारखाने उभे राहिले. युद्ध संपत आले तेव्हा विमानाचे पत्रे वाकवणाऱ्या हातांना काम हवे होते. अमेरिकेतल्या ग्रमन या लढाऊ विमाने बनवणाऱ्या कंपनीने १९४५ पासून ॲल्युमिनियमच्या छोट्या नावा विकायला काढल्या. विमानाचे पत्रे जसे रिबिटांनी जोडतात तसेच या नावांचेही जोडले. आमच्या मामूंची होडी त्याच जातीची. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद, शेकडो रिबिटांनी जोडलेली.

मामू रेतीबंदरावर हिशेब लिहायचे. १९८६ मध्ये एका कारखान्याच्या लिलावात त्यांनी ही होडी आणि तिच्या मागे टांगायची मोटर घेतली. मी तेव्हा शाळेत होतो. मजुरांचा पगार, पिण्याचे पाणी आणि दुपारची भाकरी खाडीतल्या पडावांवर पोचवायला ती होडी होती. पांढरी, चकचकीत, आणि तिच्या मोटरचा आवाज दुर्गाडीच्या पुलापर्यंत ऐकू यायचा. शुक्रवारी नमाजानंतर मामू आम्हा पोरांना तिच्यातून फिरवून आणत. मागे वळून आमच्याकडे बघत नसत, मोटरकडे बघत. त्या मोटरवर त्यांचा फार जीव.

होडी माझ्या अंगणात आली ती हातगाडीवरून. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आगरी मिस्त्री राहतात. उमेदीच्या काळात त्यांनी बसच्या बॉड्यांना रिबिटे मारली, त्याआधी वडिलांबरोबर लाकडी होड्यांचेही काम केले. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला भाई म्हणतात. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भाई, आधी हिला पाणी पाजा."

मला काही कळले नाही. त्यांनी होडी सुलटी करून चार विटांच्या थरांवर ठेवायला लावली आणि नळी लावून आत पाणी भरले. "होडी पाण्यात टाकून गळती शोधणारा येडा," ते म्हणाले. "पाणी होडीत टाकायचं. बाहेर कुठं येतंय ते बघायचं." मी खडू घेऊन खाली आडवा झालो. जिथे थेंब दिसेल तिथे खूण. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस खुणा झाल्या. इतिहास वाचणाऱ्या माणसाला हा धडा उपयोगी आहे असे मला नंतर वाटले. गोष्ट कुठे गळते ते बाहेर उभे राहून समजत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी काढले आणि खरवडायला सुरुवात झाली. मी बाजारातून तारेचा ब्रश आणला होता. मिस्त्रींनी तो माझ्या हातातून काढून घेतला. लोखंडी तारेचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच खड्डे पडतात. लाकडी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी खरवडायचे, नंतर पाण्याचा कागद घासायचा. रंग निघाला तसा खालचा पत्रा दिसू लागला. बहुतेक ठिकाणी तो धडधाकट होता. ॲल्युमिनियमला हवा लागली की क्षणात त्याच्यावर स्वतःचाच एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर चढतो आणि आतल्या धातूला तो सांभाळतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि आणखी आत शिरतो. याचा थर चिकटून राहतो. म्हणून जर्मलचा टोप पिढ्यान् पिढ्या चालतो.

पण दोन ठिकाणी मात्र पत्र्याची राख झाली होती. वल्हे अडकवायच्या कड्या मामूंनी कधी तरी पितळी बोल्टांनी बसवल्या होत्या. त्या बोल्टांभोवती चार-चार बोटे पत्रा पांढरा भुरभुरीत झाला होता, नखाने खरवडला तरी पडत होता. पितळी बोल्ट मात्र जसेच्या तसे.

हे कोडे जुने आहे. १८९५ मध्ये अमेरिकेत ‘डिफेंडर’ नावाची एक शर्यतीची शिडाची नाव बांधली. वजन वाचवण्यासाठी तिचा पाण्याखालचा भाग काशाचा, वरचा भाग ॲल्युमिनियमचा आणि आतल्या फासळ्या पोलादाच्या केल्या. तिने त्या वर्षी अमेरिका कपची शर्यत जिंकली. पण तीन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की त्यांचा विजेचा घट तयार होतो, बॅटरीच्या सेलमध्ये होतो तसाच. त्यात जो धातू दुबळा तो झिजतो. ‘डिफेंडर’चे ॲल्युमिनियम झिजत गेले आणि १९०१ मध्ये ती नाव मोडीत निघाली. कल्याणच्या खाडीत भरतीचे खारे पाणी येते. जे त्या श्रीमंतांच्या नावेचे झाले तेच मामूंच्या कड्यांचे झाले.

उपाय साधा आहे. दोन धातूंच्या मध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची चकती घालायची. तळाला तांबे असलेला रंग कधी लावायचा नाही. आणि पाण्याखाली जस्ताचा एक तुकडा बसवायचा. जस्त ॲल्युमिनियमपेक्षाही दुबळे, म्हणून आधी ते झिजते आणि होडी वाचते. दर वर्षी तुकडा बदलायचा. कवी माणसाला यातून काय काय सुचेल ते तुम्ही ओळखले असेलच. मी वहीत दोन ओळी लिहूनही पाहिल्या आणि खोडल्या. जस्ताच्या तुकड्याला जस्ताचा तुकडाच राहू द्यावा.

काम चालू असताना संध्याकाळी गल्लीतली माणसे येऊन बसत. त्यातून बातमी पसरली की मामूंची बोट पुन्हा तयार होते आहे. शिवजयंतीच्या एका कार्यक्रमाला मला कविता वाचायला बोलावले, तेव्हा निवेदकाने माझी ओळख करून दिली, "ज्यांच्या पूर्वजांनी छत्रपतींचे आरमार उभारले, त्या घराण्यातले कवी." टाळ्या पडल्या. माझा भाचा पुढच्या रांगेत बसला होता, त्याची छाती फुगली होती. मी माइकसमोर उभा राहिलो आणि मला पाणी पाजलेली होडी आठवली.

कागद काय सांगतात ते पाहू. कल्याण हे फार जुने बंदर. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात त्याचे नाव आहे. आधीच्या सातवाहन राजाच्या काळात हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, नंतर सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भडोचला नेले जाऊ लागले, असे तो सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या यादीत कल्याणचे लोक आहेत. सहाव्या शतकात कॉस्मास हा प्रवासी कल्याणहून तांबे-पितळ, शिसवाचे ओंडके आणि कापड बाहेर जाते असे नोंदवतो. म्हणजे धातू आणि लाकूड ही दोन्ही या बंदराच्या नशिबात तेव्हापासून आहेत.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. खाडीच्या तोंडावर दुर्गाडीचा किल्ला उभा राहिला आणि खाडीत जहाजे बांधायला सुरुवात झाली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात या कामाची काळजी उमटलेली आहे. शहाजीच्या मुलाने वसईजवळचा मुलूख घेतला आहे आणि तो भिवंडी, कल्याण, पनवेल इथे आरमार बांधतो आहे, त्याची जहाजे बाहेर पडू देऊ नयेत, असा त्यांचा सूर आहे. जहाजबांधणीवर देखरेख करायला महाराजांनी रुय लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव व्हिएगस या पोर्तुगीजांना नोकरीत घेतले होते. त्यांच्याबरोबर तीनशेहून अधिक माणसे होती. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना आतून फितवले आणि ते काम सोडून गुपचूप निघून गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही. १६६५ मध्ये महाराजांनी बसरूरवर स्वारी केली तेव्हा त्यांच्याबरोबर ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे होती. १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटावर मायनाक भंडारी तळ देऊन बसला आणि दौलतखानाच्या हाताखालच्या आरमाराने इंग्रजांना दमवले. त्यांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांनी धरली. सभासदाच्या बखरीत आरमाराचे दोन सुभेदार सांगितले आहेत, एक दर्यासारंग मुसलमान आणि दुसरा मायनाक भंडारी. समुद्राच्या पलीकडच्या बाजूला जंजिऱ्याचे सिद्दीही मुसलमानच होते आणि ते महाराजांशी लढत होते, हेही त्याच इतिहासात आहे. त्या काळी दर्यावर कोण कुणाच्या बाजूने आहे, हे नुसत्या नावावरून ओळखता येत नसे.

मग व्हिएगस निघून गेल्यावर जहाजांवर रंधा कुणी मारला? फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ कुणी भरली? लोखंडी खिळे कुणी घडवले? इथले सुतार, इथले लोहार, इथले खलाशी. पण त्यांची नावे मला एकाही कागदात सापडली नाहीत. जो पळून गेला त्याचे नाव पत्रात आले, कारण पत्रे लिहिणाऱ्यांना त्याच्या पळण्यात रस होता. जे राहिले त्यांच्याविषयी कुणाला पत्र लिहायचे नव्हते. त्यांत आमच्या घराण्याचा कुणी होता का? आमच्याकडे ना सनद आहे, ना वंशावळ. आजोबांच्या वडिलांपलीकडे नावे जात नाहीत.

मी माइकवर तेच सांगितले. म्हणालो, "आमच्या पूर्वजांनी जहाजे बांधली याचा माझ्याकडे पुरावा नाही. बांधली नाहीत याचाही नाही. पण या खाडीच्या काठच्या कुणीतरी बांधली, आणि ते कुणीतरी आपण सगळ्यांनी वाटून घेतले पाहिजेत." टाळ्या कमी पडल्या. भाचा घरी येईपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, एवढी एक गोष्ट होती आपल्याकडे, तीसुद्धा तुम्ही स्टेजवर देऊन टाकली." त्याचे दुःख मला कळत होते. आपण इथले आहोत हे ज्याला वारंवार सिद्ध करावे लागते, त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक सही हवीशी वाटते. पण नसलेली सही करून घेतली की ती पहिल्या पावसात धुऊन जाते आणि मग खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

बंदराचे पुढे काय झाले तेही त्याला सांगितले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली. १ मे १८५४ रोजी ठाण्याची खाडी पुलावरून ओलांडून ती कल्याणला पोचली. ज्या मालाला भरतीची वाट पाहावी लागे तो आता घड्याळावर जाऊ लागला. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये होडी-मचव्यापासून फत्तेमारीपर्यंत नावांच्या जाती तपशिलाने दिल्या आहेत, पण तोपर्यंत या बंदराचा बहर ओसरला होता. खाडीत शेवटी उरला तो रेतीचा धंदा. कल्याण, मुंब्रा आणि डोंबिवलीचे मोठागाव इथली रेतीबंदरे त्याच्यावर जगली. मुंबई आणि तिची सगळी उपनगरे उभी राहिली त्यात या खाडीच्या तळाची वाळू आहे. ती काढणारा माणूस बादली घेऊन पाण्याखाली जायचा, भरून वर यायचा. त्याला ‘डुबी मारणे’ म्हणत. डुबी मारणाऱ्यांचे डोळे नेहमी लाल, कान वाहणारे. मामूंची होडी त्यांनाच भाकरी पोचवायची. पुढे सक्शन पंप आले, खाडीचे काठ ढासळू लागले, न्यायालयांनी आणि शासनाने निर्बंध घातले. डुबीवाल्यांचीही नावे कुठे लिहिलेली नाहीत. मामूंच्या हिशेबाच्या वह्यांत होती, त्या वह्या पुरात गेल्या.

आता त्या पुराची गोष्ट. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आकडे सर्वांना पाठ आहेत. मुंबईची चर्चा पुष्कळ झाली. उल्हास आणि वालधुनीच्या काठी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण इथे काय झाले ते त्यामानाने कमी बोलले गेले. मी त्या दिवशी दादरला अडकलो होतो आणि चालत, बसत, पुन्हा चालत दोन दिवसांनी घरी पोचलो. त्यामुळे मी काही पाहिले नाही. मामूंनी सांगितले तेच ऐकले. रात्री वस्तीत छातीइतके पाणी भरले, त्यांनी होडी काढली, दोरी ओढली, मोटर एका झटक्यात सुरू झाली आणि पहाटेपर्यंत खेपा केल्या.

होडीची रिबिटे बसत आली तेव्हा मी मोटर उघडायला घेतली. ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली होती. एका मेकॅनिकने ती खोलली. पंखा फिरवून पाहिला तर तो मोकळाच फिरत होता. आत एक छोटी पितळी पिन असते. पंखा कशावर आदळला तर आधी ती तुटते, म्हणजे आतले दाते वाचतात. पिन तुटलेली होती. तिचे दोन्ही तुकडे जागच्या जागी होते आणि वरच्या भागात, पार पेट्रोल येण्याच्या नळीपर्यंत, वाळलेला गाळ. मेकॅनिक म्हणाला, "ही मोटर पाण्याखाली गेली आणि त्यानंतर कुणी चालवलीच नाही." मामूंनी पुरानंतर ती पोत्यात घातली हे आम्हा सगळ्यांना माहीत होते.

मी त्या वस्तीत गेलो. माणसे बदलली आहेत, पण जुनी चार-पाच घरे भेटली. एका बाईंना नीट आठवत होते. त्या तेव्हा बाळंतीण होत्या, बाळ अकरा दिवसांचे. "मोटर?" त्या म्हणाल्या. "मोटर पहिल्याच फेरीला बंद पडली. पाण्याखाली काहीतरी हातगाडी की काय होती, तिच्यावर आपटली. मग तुमचे मामू पाण्यात उतरले. त्यांच्याबरोबर आमच्या चाळीतली तीन पोरं. होडीला दोरी बांधून ओढत होते रात्रभर. तुमच्या मामूंना पाणी गळ्यापर्यंत होतं. माझं बाळ त्यांनी जर्मलच्या टोपात घालून होडीत ठेवलं होतं." ते बाळ आता नोकरीला लागले आहे.

परत येताना मी खाडीच्या कठड्याशी बराच वेळ उभा राहिलो. साठीच्या घरातला माणूस गळ्याइतक्या पाण्यातून, अंधारात, चौदा फुटांची होडी खांद्यावर दोरी घेऊन ओढतो, आणि पुढे सोळा वर्षे सांगताना म्हणतो की मोटर एका झटक्यात सुरू झाली. का? मला वाटते, त्यांना स्वतःपेक्षा मोटरचे कौतुक व्हावे असे वाटत होते. त्यांनी गोष्टीला मोटर लावली. खरी गोष्ट मोटरशिवाय कितीतरी मोठी होती आणि ती सांगायला त्यांना संकोच वाटला असावा. त्या तीन पोरांची नावे मात्र मी विचारून लिहून घेतली. दोघे अजून कल्याणातच आहेत, एक खाडी देशात आहे.

भाच्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे हीही गोष्ट खोटी?" मी म्हणालो, "नाही रे. तळ धड आहे. एकच बोल्ट चुकीच्या धातूचा होता, तो काढला." तो हसला आणि त्या दिवसापासून कामाला येऊ लागला. रिबिट मारताना एकाने आतून लोखंडी ठोकळा धरावा लागतो आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडा मारायचा. एकट्याने ते होत नाही. तो ठोकळा धरू लागला. मागची कुजलेली फळी काढून नवे मरीन प्लाय बसवले, पितळी बोल्टांच्या जागी स्टीलचे बोल्ट रबरी चकत्यांसह घातले. राख झालेल्या जागा कापून ठिगळे लावली. ठिगळे मुद्दाम रंगाने झाकली नाहीत.

अलीकडच्या वर्षांत दुर्गाडीजवळ खाडीकिनारी आरमाराच्या स्मारकासाठी नौदलाची निवृत्त नौका ‘आयएनएस टी-८०’ आणण्यात आली. १९९८ मध्ये ती नौदलात दाखल झाली होती. इस्रायली आराखड्यावर बांधलेली, सुमारे २५ मीटर लांब, उथळ पाण्यात वेगाने धावणारी. तिचाही सांगाडा ॲल्युमिनियमचाच. ती पाहायला मी मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "भाई, ही आपल्या होडीची मोठी बहीण." महाराजांनी जिथे लाकडी जहाजे बांधली तिथे या धातूची नाव येऊन विसावली, हे मला आवडले. स्मारके असावीत. फक्त तिथे लिहिताना व्हिएगसबरोबरच, मायनाक आणि दौलतखानाबरोबरच, एक ओळ नाव न राहिलेल्या सुतार-लोहारांसाठी ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.

आमची होडी स्मारक झाली नाही. एका मंडळाने ती चौकात रंगवून ठेवण्यासाठी मागितली होती, मी नाही म्हणालो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा सुमारे १,०५० प्रवाशांना रबरी बोटींनी बाहेर काढावे लागले. उल्हास नदी पुन्हा चढणार नाही असे कोण सांगेल? म्हणून होडी आता त्याच वस्तीतल्या एका शेडमध्ये वर टांगली आहे. दोन वल्ही, लांब दोरी आणि एक जर्मलचा टोप तिच्यात ठेवला आहे. मोटर नाही. गणेश घाटावर तिला पाण्यात उतरवून पाहिली तेव्हा एका रिबिटातून थेंब आला, तो मिस्त्रींनी तिथल्या तिथे ठोकून बंद केला.

भाचा तिच्यावर काहीतरी नाव लिहू या म्हणत होता. शेवटी त्याने आतल्या बाजूला, जिथे बसणाऱ्यालाच दिसेल अशा ठिकाणी, लहान अक्षरांत चार नावे लिहिली. मामूंचे आणि त्या तीन पोरांचे. मे महिना संपत आला की आम्ही दोघे शेडमध्ये जातो, होडी खाली घेतो, पाणी पाजतो आणि जस्ताचा तुकडा बदलतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)